शालिग्राम लांजेवारांची धुक्यातली मोजणी

शालिग्राम लांजेवारांनी छत्तीस वर्षं सरकारी नोकरीत लोकांच्या जमिनी मोजल्या. अभनपूर, आरंग, तिल्दा, जिकडे बदली होईल तिकडच्या धुऱ्यांवरून, म्हणजे शेतांच्या बांधांवरून, ते साखळी घेऊन फिरले. दोन सख्ख्या भावांच्या मध्ये उभं राहून "धुरा इथं आहे" असं सांगणं हे जगातलं सगळ्यात कठीण काम, असं त्यांचं मत होतं, आणि ते काम त्यांनी एकदाही मार न खाता केलं. आरंगजवळ एका बैलानं त्यांना उचलून चिखलात टाकलं होतं खरं, पण तो बैल कुठल्याच पक्षाचा नव्हता, म्हणून ते त्याला हिशेबात धरत नसत.

निवृत्त झाल्यावर हात रिकामे झाले, पण पाय ऐकेनात. रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातल्या आपल्या घरापासून गोल बाजारातल्या भांड्यांच्या दुकानापर्यंत पावलं किती, तेलीबांध्याच्या तलावाला एक फेरा घातला तर किती, पुतण्याच्या लग्नाचा हॉल सांगितला तेवढा मोठा आहे की त्यात सात पावलांची लबाडी आहे, हे सगळं त्यांनी एका निळ्या वहीत लिहून ठेवलं होतं. त्यांच्या बायकोला, क्षमाबाईंना, ह्या वहीचा मनापासून राग होता.

"भाजी आणाले पाठवलं होतं," त्या शेजारणीला सांगायच्या, "तर पावलं घेऊन आले."

घरात तिसरी होती ती मंजिरी, त्यांची मुलगी. वय सत्तावीस, नव्या रायपुरात एका ऑफिसात नोकरी. तिला मराठी सगळं कळायचं, अगदी आईनं हळू आवाजात तिच्याविषयी बोललेलंसुद्धा, पण उत्तर मात्र हिंदीतच यायचं. गेल्या दिवाळीत तिनं टीव्हीला जोडायचं खेळाचं यंत्र घेतलं आणि त्यात एक खेळ आणला. खेळाचं इंग्रजी नाव लांबलचक होतं. शालिग्रामजींच्या जिभेला ते पेललं नाही, म्हणून ते त्याला नुसतं 'मुलुख' म्हणत.

मुलुखात एक मुलगी होती, तिचं एक तट्टू होतं, आणि नजर पुरणार नाही एवढा ओसाड प्रदेश होता. पिवळं गवत, धुकं, पडके पूल, कोरड्या विहिरी. माणूस औषधालाही नाही. त्या प्रदेशात सात अजस्र जनावरं आपापल्या जागी पडून होती, आणि त्या मुलीनं ती एकेक करून पाडायची, एवढाच काय तो खेळ. का पाडायची, ते एक दगड अधूनमधून सांगत असे, पण तो कुठल्याच माणसाला येत नाही अशा भाषेत बोलायचा आणि खाली अक्षरं इतकी बारीक यायची की चष्मा लावूनही ती मुंग्यांची रांग वाटावी.

मंजिरीनं तीन जनावरं पाडली. चौथ्याशी मात्र तिचं जमेना. ते रेड्यासारखं होतं, पण रेडा केवढा, तर त्याच्या पाठीवर झाडं उगवलेली आणि खांद्यांच्या मध्ये एक देऊळ पडलेलं. दर रविवारी ती त्याच्या अंगावर चढायची आणि दर रविवारी पडायची. पडलं की मेलं, आणि मेलं की थेट दूरच्या एका दगडापाशी पुन्हा जन्म. तिथून तट्टावर बसून रेड्यापर्यंत सहा मिनिटं. तट्टूही असं की डावीकडे म्हटलं तर आधी उजवीकडे बघून येणार.

"देखने में इतना सुंदर," एका रविवारी ती ओरडली, "और खेलने में इतना सिरदर्द! कॅमेरा पत्थर के पीछे घुस जाता है, मुझे घास के अलावा कुछ दिखता ही नहीं! और ये घोड़ा नहीं है पापा, ये गधा है!" तिनं कंट्रोलर सोफ्यावर टाकला आणि पुढचे दोन महिने त्याला हात लावला नाही.

एका मंगळवारी सकाळी, एप्रिल अर्धा सरला असताना, शालिग्रामजींनी बातम्या लावायला म्हणून भलतंच बटण दाबलं. टीव्हीवर मुलुख आला. ती मुलगी तट्टाशेजारी उभी होती, समोर गवताची लाट एका बाजूनं निघून दुसऱ्या बाजूला जात होती, आणि वारा असा घुमत होता की शालिग्रामजींनी आपोआप मानेचा गमछा आवळला. त्यांना वाटलं आता काहीतरी होईल. काही झालं नाही. नुसता वारा. चाळीस मिनिटं ते बघत राहिले.

वरच्या गच्चीत क्षमाबाई कुरड्या वाळत घालत होत्या. त्यांनी वारा ऐकला आणि चादरीसकट सगळ्या कुरड्या उचलून त्या जिना उतरल्या.

"अजी, खिडक्या लावा! वादळ सुटलं ना!"

बाहेर बेचाळीस अंशांचं ऊन होतं आणि पिंपळाचं पानसुद्धा हलत नव्हतं. क्षमाबाईंनी खिडकीतून बाहेर बघितलं, मग टीव्हीकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. अर्ध्या कुरड्या जिन्यात मोडल्या होत्या.

"काय करून राहिले तुम्ही?"

"पाहून राहिलो," शालिग्रामजी म्हणाले. "किती मोठी जागा आहे गं. आणि एकही पाटी नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी कंट्रोलर हातात घेतला. त्याला दोन लहान गुंड्या होत्या. डावी फिरवली की मुलगी चालायची, उजवी फिरवली की नजर वळायची. डावी त्यांना तासाभरात जमली. उजवीचं काही खरं नव्हतं. ते चालायला लागले की नजर आकाशाकडे जायची, आणि नजर खाली आणली की मुलगी विहिरीत. पण विहिरीतून बाहेर येऊन त्यांनी जो पहिला प्रश्न विचारला, तो मुलुखात आजवर कोणी विचारला नसेल. नकाशा कुठं आहे?

संध्याकाळी मंजिरी घरी येताच त्यांनी तिला दारातच धरलं.

"मॅप नहीं है पापा. वही तो उसकी खूबी है. खुद ढूँढो."

"एवढा मोठा मुलुख, आणि नकाशा नाही?"

"नहीं."

"मग सातबारा तरी?" असं ते विचारणार होते, पण छत्तीसगडात सातबारा नसतो हे आठवून त्यांनी तोंड मिटलं. ह्या गोष्टीनं त्यांना रात्री नीट झोप लागली नाही म्हणतात. गुरुवारी मंजिरी ऑफिसला गेली आणि साडेदहाला शालिग्रामजींनी निळ्या वहीचं कोरं पान उघडून वर लिहिलं : नजरी नकाशा, पत्रक एक.

मोजायला साखळी नव्हती, म्हणून त्यांनी तट्टू घेतलं. तट्टू चालताना टापांचा आवाज यायचा. तो मोजायचा. जन्माच्या दगडापासून कोरड्या विहिरीपर्यंत दोनशे चौदा टापा, विहिरीपासून पडक्या पुलापर्यंत तीनशे आठ. सूर्य एका जागी खिळलेला होता, त्यावरून त्यांनी दिशा ठरवली. तट्टू डावीकडे म्हटल्यावर उजवीकडे जायचं, तेव्हा त्या चुकीच्या टापा वजा करायच्या. जिला मंजिरी शिक्षा म्हणायची, ती मेल्यावरची सहा मिनिटांची वाट तर त्यांना वरदानच वाटली. तेच अंतर पुन्हा मोजता येतं, आकडा पडताळून घेता येतो. सरकारनं कधी एका शेताला दोनदा जाऊ दिलं होतं का?

तीन आठवड्यांत वहीची अकरा पानं भरली. प्रत्येक तुकड्याला त्यांनी खसरा क्रमांक, म्हणजे जमिनीचा नंबर, दिला होता. फक्त सव्वीस क्रमांक अडला होता. ती रेड्यामागची दरी. रेडा हलल्याशिवाय तिकडे जायला वाट नव्हती.

ते सांगायचे, "मले त्याच्याशी काही घेणं नाही. फक्त मागची जमीन मोजायची आहे."

रेड्याला हे कळण्याचं कारण नव्हतं. पहिल्या दिवशी त्यानं त्यांना शेपटीनं मारलं. दुसऱ्या दिवशी पायाखाली घेतलं. तिसऱ्या दिवशी ते पुढच्या पायाचे केस धरून गुडघ्यापर्यंत चढले, तेव्हा नजर रेड्याच्या पोटाखाली गेली आणि टीव्हीभर नुसते काळे केस दिसायला लागले. मुलीच्या हातातला जोर संपला आणि ती पडली. असं अकरा वेळा झालं. बाराव्या वेळी दोन वाजले होते, आणि दोन वाजता टीव्हीवर क्षमाबाईंची मालिका असायची.

क्षमाबाई हात पुसत येऊन बसल्या. "उठवा तुमचं जनावर."

"पाच मिनिटं."

"कालही पाच मिनिटं म्हणाले, अन् तिकडं सुनेनं सासूले घराबाहेर काढलं. मले नंतर समजलं." त्या बसून बघायला लागल्या. थोड्या वेळानं त्यांना राहवेना. "अजी, तुम्ही त्याचं पोट काय पाहून राहिले? वर पाहा ना, वर! पोट्टीले दिसत नाही काही!"

"नजर वळत नाही गं माझ्यानं. चालू की पाहू?"

"तुमचं पहिल्यापासून असंच आहे. चालता तवा पाहत नाही. आणा इकडं."

आणि त्यांनी नवऱ्याच्या उजव्या हाताशेजारी बसून कंट्रोलरची उजवी गुंडी आपल्या अंगठ्याखाली घेतली. डावी नवऱ्याकडे, उजवी बायकोकडे. कंट्रोलर दोघांच्या मांड्यांच्या मध्ये. लग्नाला तेहतीस वर्षं झाली होती, पण इतकं चिकटून ते दोघं गोंदियाच्या बसमध्येसुद्धा बसले नव्हते.

पहिल्यांदा मुलगी तीन सेकंदांत मेली, कारण क्षमाबाईंना रेड्याच्या पाठीवरचं देऊळ कोणाचं ते बघायचं होतं. दुसऱ्यांदा त्यांनी वाटेतलं एक निळं फूल बघितलं. "थांबा हो, आपल्याकडं हे होत नाही." तिसऱ्यांदा मात्र जमलं. शालिग्रामजी चढत होते, क्षमाबाई नजर फिरवत होत्या, आणि दोघंही एकमेकांना सूचना देत होते.

"डावीकडं धरा! तिथं केस दाट आहेत!"

"अगं, वर दाखव, वर!"

"वरच दाखवून राहिली! तुमचा चष्मा खाली आला!"

तेवढ्यात दारावरची घंटी वाजली. ह्या खेळाला थांबवायचं बटणच नव्हतं. मंजिरीच्या शिव्यांत हाही एक मुद्दा असे. घंटी पुन्हा वाजली. मग दार ढकलून शेजारची इंदू आत आली. हातात रिकामा डबा होता. सोफ्यावर लांजेवार नवरा-बायको एकमेकांना खेटून, घामाघूम, भिंतीकडे बघत ओरडत होते.

"का करत हव दीदी?" तिनं घाबरून विचारलं.

"बस! बोलू नको!" क्षमाबाई म्हणाल्या.

इंदू डबा छातीशी धरून बसली. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. कोणी उठलं नाही. दुसरी झाली. मुलगी रेड्याच्या मानेवर पोहोचली होती, तिथं एक फिकट खूण चमकत होती, तिथं तलवार मारायची होती. पण तलवारीचं बटण कुठलं, हे शालिग्रामजींना ठाऊकच नव्हतं. एवढ्या आठवड्यांत त्यांना त्याची गरज पडली नव्हती.

"कोणतं दाबू?"

"सगळे दाबा!"

त्यांनी सगळी दाबली. मुलीनं उडी मारली, शिट्टी वाजवून तट्टाला हाक दिली, खाली बसली, उठली आणि ह्या सगळ्याच्या मध्ये कधीतरी तलवार चालवली. असं चार वेळा झालं. पाचव्या शिट्टीला, म्हणजे कुकरच्या, रेडा पुढच्या गुडघ्यांवर आला. त्यानं मान वर केली, एक लांब हंबरडा फोडला आणि सावकाश, फार सावकाश, कुशीवर पडला. पाठीवरची झाडं हलली. पक्षी उडाले. मग सारंगीसारखं काहीतरी वाजायला लागलं.

इंदूनं टाळ्या वाजवल्या.

"काय बिघडवलं होतं त्यानं आपलं?" क्षमाबाई म्हणाल्या. "पडून होतं बिचारं."

"मले तर फक्त मागची जमीन पाहिजे होती."

"हाय दाई, दीदी, कुकर!" इंदू म्हणाली.

वरणाचा तळ लागला होता. जेवून झाल्यावर शालिग्रामजी दरीत गेले आणि खसरा क्रमांक सव्वीस मोजून आले. चारशे एकावन्न टापा, मध्ये एक ओढा.

खरं संकट संध्याकाळी आलं. मंजिरी दोन महिन्यांनी सहज म्हणून खेळायला बसली आणि बघते तर रेडा मेलेला.

"ये किसने किया?"

क्षमाबाई मेथी निवडण्यात अचानक फार गुंतल्या.

"मेरे सेव किए हुए गेम पे? मैंने तीन महीने लगाए हैं उस पे! तीन महीने! और आप लोगों ने... किसने मारा?"

"मी फक्त पाहत होती," क्षमाबाई म्हणाल्या, आणि शब्दशः ते खरं होतं.

"मला बटण माहीत नव्हतं," शालिग्रामजी म्हणाले. तेही खरं होतं.

मंजिरी दोन दिवस आईबापांशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिच्या हाती निळी वही लागली. ती उभ्याउभ्या पानं उलटत गेली, मग खाली बसली. तिनं वर बघितलं तेव्हा राग कुठल्या कुठं गेला होता. "पापा, ये तो... ये किसी के पास नहीं है. पूरी दुनिया में लोग इसी में भटक रहे हैं." तिनं सगळ्या पानांचे फोटो काढले आणि हा खेळ खेळणारे लोक जिथं एकमेकांशी भांडतात तिथं टाकले. चार दिवसांत नऊशे लोकांनी आभार मानले. एकानं मात्र लिहिलं की पुलाजवळची नदी नकाशात थोडी पूर्वेला सरकली आहे. शालिग्रामजींनी त्या सकाळी चहासुद्धा घेतला नाही. आधी नदी पुन्हा मोजली. नदी नऊ टापा सरकली होती खरी. त्यांनी दुरुस्ती केली, खाली सही केली आणि तारीख घातली.

मग त्यांनी अर्ज लिहायला घेतला. खेळ बनवणारी मंडळी लांबच्या कुठल्यातरी थंड देशात होती. अर्ज त्यांनी आयुष्यभर लिहिला तसाच लिहिला. "महोदय, उपरोक्त विषयांतर्गत सविनय निवेदन है कि" अशी सुरुवात, आणि विषय होता घोड्याचं वर्तन. खाली सगळं आलं. घोडा आज्ञा पाळत नाही. अरुंद जागी नजर दगडाच्या आत जाते. अक्षरं ज्येष्ठ नागरिकांना दिसत नाहीत. दारावर कोणी आलं तर खेळ थांबवण्याची सोय नाही, त्यामुळे वरण करपतं. शेवटी त्यांनी न्यायानं हेही नमूद केलं की गवत अतिशय उत्तम आहे, वारा खरा वाटतो, पत्नीनं कुरड्या उचलल्या, आणि एवढी मोकळी जागा त्यांनी सबंध नोकरीत पाहिली नव्हती. मंजिरीनं हसत हसत त्याचं इंग्रजी केलं आणि पाठवून दिलं.

अर्ध्या मिनिटात उत्तर आलं. ते यंत्रानं आपोआप पाठवलेलं उत्तर होतं, धन्यवाद आणि एक क्रमांक, एवढंच. पण शालिग्रामजींनी तो क्रमांक वहीत लाल शाईनं उतरवला.

"आवक क्रमांक पडला," ते क्षमाबाईंना म्हणाले. "आता त्यांना उत्तर देणं भाग आहे."

पाच आठवड्यांनी मंजिरी ऑफिसमधून आली ती चपला काढायच्या आधीच टीव्हीसमोर. खेळाची नवी आवृत्ती आली होती. घोडा सुधारला होता. कॅमेरा सुधारला होता. अक्षरं मोठी झाली होती. थांबवायचं बटणही आलं होतं.

"पापा! घोड़ा ठीक कर दिया!"

त्या संध्याकाळी शालिग्रामजी ब्राह्मणपाऱ्यातल्या ओळखीच्या प्रत्येक ओट्यावर पाच-पाच मिनिटं बसून आले. तशा कितीतरी लोकांच्या तक्रारी तिकडे गेल्या असतील, हे मंजिरीनं त्यांना सांगितलं नाही. घरी आल्यावर ते क्षमाबाईंना म्हणाले, "छत्तीस वर्षांत माझ्या एका अर्जावर पाच आठवड्यांत कारवाई झाली नव्हती. तिथले साहेब चांगले असतील."

दुसऱ्या दिवशी साडेदहाला ते सुधारलेल्या घोड्यावर बसले. डावीकडे म्हटलं, डावीकडे गेला. सरळ म्हटलं, सरळ. दगडापासून विहिरीपर्यंत ते रुबाबात गेले, आणि सवयीनं टापा मोजल्या. एकशे एकाहत्तर.

त्यांनी पुन्हा मोजल्या. एकशे एकाहत्तर. दोनशे चौदा कुठं, एकशे एकाहत्तर कुठं. विहिरीपासून पुलापर्यंत तीनशे आठच्या जागी दोनशे सेहेचाळीस. घोडा सुधारताना त्या चांगल्या साहेबांनी त्याची ढेंग वाढवली होती. अकरा पानं, सव्वीस खसरे, दुरुस्त केलेली नदी, सगळं चुकलं होतं. नऊशे लोकांच्या हातात शालिग्राम लांजेवारांच्या सहीचा चुकीचा नकाशा होता.

ते आडवे झाले. क्षमाबाईंनी कपाळाला हात लावून बघितला.

"काहून असे पडले?"

"घोडा नीट चालून राहिला."

"मग चांगलंच झालं ना?"

"माझी साखळी बदलली गं."

क्षमाबाईंना ते नीट कळलं नाही, पण नवऱ्याचा चेहरा कळला. त्यांनी लिंबाचं सरबत केलं आणि त्या दिवशी दोनची मालिका लावली नाही. त्याहून मोठी सहानुभूती त्या घरात कोणी कोणाला दाखवलेली नव्हती.

मंजिरीनं मात्र नव्या घोड्यावर बसून दोन रविवारांत उरलेली तिन्ही जनावरं पाडली. शेवटचं पडलं तेव्हा तिघंही बघत होते. पडल्यावर काय झालं, तर ती मुलगी एका दगडावर जाऊन बसली, पडदा काळा झाला आणि नावं सरकायला लागली.

"बस? इतना ही?" मंजिरी म्हणाली. "सात जानवर मार दिए, और ये बैठ गई?"

"थकली असेल पोट्टी," क्षमाबाई म्हणाल्या.

नावं एकोणीस मिनिटं सरकली. शालिग्रामजींनी ती सगळी वाचली, आता अक्षरं मोठी होती. घोड्यावर काम करणारे दोघे होते. त्यांच्याविषयी त्यांच्या मनात थोडी कटुता होती, पण नावं वाचून ती कमी झाली. नावं संपल्यावर मुलुख पुन्हा उघडला. आता त्यात फिरता येत होतं, पण जनावरं नव्हती. शालिग्रामजी एक दिवस फिरून आले. गवत तेच, धुकं तेच, वारा तोच, पण कुठल्याही टेकडीच्या मागं काहीही पडून नाही, हे ठाऊक असताना टेकडीपर्यंत जावंसं वाटेना. क्षमाबाईंनाही तसंच वाटलं. "लग्नानंतरच्या मांडवासारखं दिसून राहिलं," त्या म्हणाल्या.

म्हणून सोमवारी त्यांनी मंजिरीची परवानगी रीतसर विचारून स्वतःच्या नावानं पहिल्यापासून नवा खेळ सुरू केला. नवी वही काढली, ही हिरवी. मोजणी पुन्हा पहिल्या पत्रकापासून. सातही जनावरं जिवंत आहेत आणि शालिग्रामजींचा त्यांना हात लावायचा विचार नाही. मंजिरी अधूनमधून चिडते.

"पापा, जानवरों को मारे बिना आगे कैसे जाओगे?"

"आगे कौन जा रहा है?" ते म्हणतात. मुलीशी हिंदीत बोलले की आपला मुद्दा जास्त पटतो, असा त्यांचा समज आहे.

कॅमेरा आता एकट्यालाही जमतो, हे तिनं आईला सांगून बघितलं. क्षमाबाई म्हणाल्या, "जमू दे. उजवी गुंडी माझी आहे." मालिका संपली की अडीच वाजता त्या येऊन बसतात. थांबवायचं बटण आलंय, त्यामुळे वरण करपत नाही.

गेल्या मंगळवारी त्यांना एक नवी गोष्ट सापडली. घोडा लांब ठेवून पायी, अगदी हळू चालत गेलं, तर झोपलेलं जनावर जागं होत नाही. हे कळताच शालिग्रामजींनी रेड्याची लांबी मोजायला घेतली. शेपटीपासून सुरुवात केली. मुलगी एकेक पाऊल टाकत रेड्याच्या कडेनं निघाली. तीस, पन्नास, सत्तर. ब्याण्णव पावलांवर खांदा संपला, एकशे पाचवर कान, आणि एकशे अकराव्या पावलाला, नाकाशी, रेड्यानं डोळा उघडला.

"पळा!" क्षमाबाई ओरडल्या.

"पळून राहिलो! पुढं दाखव, मले रस्ता दिसत नाही!"

"थांबा हो, डोळे पाहू द्या त्याचे. तिल्द्याच्या मावशीसारखे आहेत, अगदी तसेच!"

रेड्याचा पाय पडला आणि मुलगी दूरच्या दगडापाशी जाऊन उभी राहिली. शालिग्रामजींनी गुंडी सोडली आणि वही ओढली. रेडा, शेपूट ते नाक, एकशे अकरा पावलं, असं लिहिलं. मग थोडा विचार करून शेजारच्या रकान्यात, जिथं एरवी झाडं आणि विहिरी नोंदवतात तिथं, त्यांनी लिहिलं : डोळे तपकिरी, नग दोन.

"एकच पाहिला आपण," क्षमाबाई म्हणाल्या. "दुसरा त्या बाजूनं होता."

शालिग्रामजींनी दोनवर काट मारली, एक केला, बाजूला छोटी सही केली आणि घोड्याला शिट्टी मारली.